गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी सहा वर्षांच्या मुलीला घरच्याच कुत्र्याने गालाला व दंडाला चावा घेतला. आम्ही भेटीस गेलो तेव्हा घरातील सर्वांचे एकच म्हणणे, "मोत्या असा नाही हो. भुंकला नाही, गुरगुरला नाही, एकदम वसकन अंगावर आला." आम्ही थोडे खोदून विचारले. तेव्हा आजीबाईंनी सांगितले की, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मोत्या खात असताना कोणी जवळ गेले की तो गुरगुरत असे. ही खोड मोडावी म्हणून दर वेळी त्याच्या पाठीत चुलीजवळच्या फुंकणीचा तडाखा बसे. हळूहळू त्याने गुरगुरणे सोडले. घरच्यांना वाटले, कुत्रा सुधारला.

वाचकहो, कुत्रा सुधारला नव्हता, त्याचे बोलणे तेवढे बंद झाले होते. आपल्या ताटलीजवळ कोणी आले की त्याला पूर्वीइतकीच धास्ती वाटत होती. किंबहुना पाठीत तडाखा बसण्याची नवी धास्ती तीत मिळाली होती. 'जवळ येऊ नका' हे सांगण्याची वाट मात्र उरली नव्हती. त्या दिवशी मुलगी खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलायला वाकली, आणि पुढचे झाले ते झाले.

म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या या पानावर खत किंवा पोषक आहाराऐवजी आम्ही कुत्र्याच्या बोलीविषयी लिहीत आहोत. विषय हलका वाटेल, पण तसा तो नाही.

आपली मराठी या बाबतीत किती श्रीमंत आहे पाहा. कुत्रा भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, कुईकुई करतो, हेल काढून रडतो. या पाच शब्दांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि कोणीही खेडूत त्यांची गल्लत करीत नाही. तोंडाने न बोलता तो जे सांगतो त्यालाही शब्द आहेत. कान टवकारणे, दात विचकणे, शेपूट घालणे, गोंडा घोळणे हे सारे शब्द आपण माणसांनाही लावतो, पण ते मुळात कुत्र्याच्या अंगाकडे नीट पाहून केलेले आहेत. आपण त्याच्याशी बोलतो तेही ठराविक असते. बोलावताना 'यू यू', अंगावर सोडताना 'छू', आणि हाकलताना 'हाड'. या शेवटच्या शब्दापासूनच आपण गरिबाला 'हाडहूड' करणे शिकलो असावे, असे आम्हांला कधीकधी वाटते.

मात्र भाषेतील सर्वच शहाणपण खरे नसते. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण बढाईखोर माणसासाठी ठीक आहे, कुत्र्यासाठी नाही. भुंकणारा कुत्रा पुष्कळदा चावतो. फरक असतो तो भुंकण्याच्या जातीत. खालच्या, जाड आवाजात, एकामागून एक घाईने येणारे भुंकणे धोक्याचे. बारीक आवाजात, मध्ये थांबत थांबत येणारे भुंकणे बहुधा एकटेपणाचे. हंगेरीतील संशोधकांनी २००५ साली भुंकण्याच्या ध्वनिफिती लोकांना ऐकवल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही त्यातले बरेचसे बरोबर ओळखता आले. ऊस किंवा भाताच्या राखणीला माळ्यावर बसणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. कुत्रा रानडुकरावर भुंकतो आहे, की वाटसरूवर, की बांधावरच्या सापावर, हे ते अंथरुणातून न उठता सांगतात.

शेपटीचेही तसेच. शेपूट हलली म्हणजे माया, अशी आपली समजूत आहे. शेपूट हलते याचा अर्थ कुत्र्याच्या मनात काहीतरी चालले आहे, एवढाच. सबंध मागचा भाग डोलवीत, अंग सैल सोडून हलवलेली शेपूट प्रेमाची. ताठ, उंच धरलेली आणि नुसत्या टोकाशी थरथरणारी शेपूट दिसली तर हात पुढे करू नये. इटलीतील संशोधकांना २००७ साली असेही आढळले की, मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या अंगाकडे अधिक झुकते आणि परका दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. शोध मनोरंजक आहे. अंगावर येणाऱ्या कुत्र्याचे उजवे-डावे पाहत कोण उभे राहणार, हा प्रश्न वेगळा!

आणि रडणे? 'कुत्रे रडले, आता कोणीतरी जाणार' असे आपल्याकडे अजून बोलतात. सायंकाळी आंजेलूसची घंटा वाजली की आमच्या चर्चच्या मागची दोन कुत्री रोज गळा काढतात. तेवढी माणसे रोज गेली असती तर हे पत्रक वाचायला कोणी उरले नसते. लांबणारा एकसुरी आवाज कानी पडला की दूरच्या सोबत्याने हाक दिली असे समजून ती उत्तर देतात, इतकेच.

पवित्र शास्त्रात कुत्र्याला फारसा मान नाही. स्तोत्रांत दुष्टांना कुत्र्यांची उपमा दिली आहे, आणि लाझराचे फोड चाटणारी कुत्री त्याच्या दैन्याची खूण म्हणून येतात. पण दोन ठिकाणे आम्हांला विशेष वाटतात. यशया संदेष्टा आपल्या ५६व्या अध्यायात लोकांच्या बेसावध रखवालदारांना दोष देतो, तेव्हा त्यांना भुंकता न येणारी मुकी कुत्री म्हणतो. म्हणजे त्या काळीही राखणदाराचा मोठा दोष भुंकणे हा नसून गप्प राहणे हा होता. दुसरे ठिकाण तोबीतच्या पुस्तकातील. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, सोबत अनोळखी वेषातील राफाएल देवदूत असतो, आणि त्यांच्या मागून घरचा कुत्रा जातो. त्याला नाव नाही, त्याच्या तोंडी शब्द नाही. परतीच्या वेळी तो पुन्हा दिसतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो पुढे धावत येतो आणि एखाद्या निरोप्यासारखा शेपूट हलवून आनंद दाखवतो. आंधळ्या तोबीतच्या घरी निरोप्यासारखा पुढे धावत येणारा देवदूत नव्हे, कुत्रा! हे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात बहुधा नसते, म्हणून हा कुत्रा पुष्कळांच्या ओळखीचा नाही.

महाभारताच्या आदिपर्वात कुत्रा चक्क बोलतो. जनमेजय राजा कुरुक्षेत्री यज्ञ करीत असता सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू तेथे येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई आधी त्यालाच विचारते, तू काही अपराध केला असशील. ते सांगते, मी हविर्भागाकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे दूरच. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते, आणि राजा व त्याचे भाऊ काहीच उत्तर देत नाहीत. बोलता येणारी माणसे मुकी आणि मुके जनावर बोलते, असा तो विलक्षण प्रसंग आहे.

आता उलट बाजू. आपले बोलणे कुत्र्याला किती कळते? आमच्या सीमाभागातील कुत्रा घरात मराठी ऐकतो, बाजारात कानडी, चर्चच्या आवारात कोकणी, आणि हुकूम मात्र त्याला 'सिट', 'कम' असे इंग्रजीत मिळतात. त्याचे काही अडत नाही. बुडापेस्ट येथे २०१६ साली कुत्र्यांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवून तपासले. शब्द आणि सूर या दोहोंची दखल त्यांचा मेंदू वेगवेगळी घेतो, आणि शाबासकीचा शब्द शाबासकीच्याच सुरात आला तर आनंदाचा भाग जागा होतो, असे दिसले. रागाने 'शहाणा रे बाळा' म्हणून उपयोग नाही, हे मुलांच्या आयांना यंत्रावाचून ठाऊक आहे. आपल्याच देशात, कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवले. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्मी कुत्री भीतीने जवळच आली नाहीत, पण जी आली त्यांतील सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेली. कोणी न शिकवता. ज्यांना आपण रोज दगड मारतो ती कुत्री आपले बोट वाचतात, आणि आपल्याला त्यांचा ओठ वाचता येत नाही.

तेव्हा घरोघरी मुलांना एवढे तरी शिकवावे. गुरगुरण्याच्याही आधी कुत्रा हळू आवाजात बोलतो. तोंड फिरवतो, झोप नसता जांभई देतो, खाणे नसता ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवीत तिरके पाहतो. या साऱ्याचा अर्थ 'मला नको' असा आहे. त्यानंतर एकाएकी अंग ताठ होऊन तो थिजल्यासारखा उभा राहिला तर वेळ फार थोडा असतो. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिले असलेल्या कुत्रीजवळ मुलांनी जाऊच नये. आपल्याकडे गल्लोगल्ली बहुतेक पिले थंडीच्या दिवसांत होतात, तेव्हा नाताळच्या सुट्टीत विशेष जपावे. अनोळखी कुत्रा चालून आला तर पळू नये, किंचाळू नये, त्याच्या डोळ्यांत पाहू नये. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावे आणि आपल्या पायांकडे पाहावे. खाली पडल्यास पोटाशी पाय घेऊन, मान व कान हातांनी झाकून निपचित पडावे. कुत्रा गुरगुरला तर थांबावे, मूल बाजूला घ्यावे आणि कुत्र्याला कशाची भीती वाटली ते पाहावे. त्याला मारू नये. गुरगुरणे हा त्याचा उद्धटपणा नसून आपल्याला दिलेली सवलत आहे.

एक वेळ अशी असते की कुत्र्याची बोलीच बदलते. पिसाळलेल्या कुत्र्याचा आवाज घोगरा होतो, कारण घशाचे स्नायू लुळे पडू लागतात. जबडा लोंबतो, लाळ गळते, ओळखीची हाक त्याला कळत नाही. सगळेच पिसाळलेले कुत्रे धावून येत नाहीत. काही कोपऱ्यात गुपचूप पडून असतात, आणि 'घशात हाड अडकले वाटते' म्हणून कोणी तोंडात हात घालतो. गायीम्हशींच्या बाबतीत ही चूक अधिक होते. कुत्रा चावलेली गाय काही आठवड्यांनी चमत्कारिक, फाटक्या आवाजात हंबरू लागते, तिला गिळता येत नाही, लाळ गळते. मालकाला वाटते, चाऱ्यातले काही अडकले. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यांना बोलवा.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी योग्य उपचार वेळेवर झाले तर तो टाळता येतो. चावा, ओरखडा, किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटणे, हे तिन्ही गंभीर समजावे. संत रॉक यांच्या मूर्तीजवळ त्यांची जखम चाटणारा कुत्रा असतो. चित्र भक्तीचे आहे, औषधाचे नव्हे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातील १४ इंजेक्शनांची धास्ती बाळगू नये. ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासून बंद आहे. आता सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत, पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर जखमेतच वेगळे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, ते मागून घ्यावे. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

कुत्र्यांना तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी लस टोचावी. गोव्यात गेल्या दशकापासून गावोगाव, जाळ्या घेऊन, भटक्या कुत्र्यांनाही लस देण्याची मोहीम चालली आणि २०२१ साली राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केला. दर शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा हिशेब आहे. सीमेच्या अलीकडे आपल्याला तो हिशेब जमण्यासारखा आहे.

त्या मुलीच्या घरी शेजाऱ्यांनी आधी गालाला चुना लावला होता. सुदैवाने वडिलांनी तो धुऊन काढला आणि तासाभरात दवाखाना गाठला. तिची इंजेक्शने पुरी झाली, गालावर एक पुसट रेघ राहिली आहे. मोत्याला सोडून यावे असे काहींचे मत होते. आजीबाईंनी ऐकले नाही. आता त्याची ताटली मागच्या पडवीत, दाराला अडसर लावून ठेवतात, आणि फुंकणी चुलीपाशीच असते. परवा आम्ही गेलो तेव्हा कोंबडी ताटलीजवळ गेल्यामुळे तो आतून बारीक गुरगुरत होता. आजीबाई हातातले काम टाकून उठल्या आणि कोंबडी हाकलून आल्या.