नेसणे की घालणे?

डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. तीत नऊवारीविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, सुमारे ८.२ मीटरचे लुगडे निऱ्या घालून, कासोटा खोचून ‘नेसायचे’ असते. शिंप्याने शिवलेले नुसते ‘घालायचे’, ती नऊवारीच नव्हे. दुसरे मत म्हणते, शिवलेली झटकन चढते, वाटेत सुटत नाही, हे काय थोडे?

वास्तविक कासोट्याने पाय मोकळे राहतात, हेच त्याचे मर्म. माझी आजी त्याच नेसणीत भातलावणी करी. तिच्या लेखी ती सोय होती, सोवळे नव्हते. म्हणून शिवलेलीला हसू नये. मात्र घरोघरी आज्या आहेत तोवर नेसणे शिकून घ्यावे. ते शिंप्याकडे मिळत नाही.