प्रकाश आणि फळांची प्रतिकारशक्ती

धान्य वखारीत भरण्यापूर्वी त्यास कडक ऊन द्यावे, हा आपल्या पेढ्यांवरील पिढीजात नियम होय. उन्हाने दाण्यांतील ओल जाते व किडीस थारा राहत नाही. फळास मात्र हा उपाय चालत नाही. उन्हात ठेवलेले फळ सुकते. तथापि प्रकाशाचाच एक निराळा प्रकार फळ टिकविण्यास साहाय्यक होतो, असे शास्त्र सांगते. फळांचा व्यापार करणाऱ्या सभासदबंधूंसाठी त्याची माहिती आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ खुंटते, हे इंग्लंडमधील डाउन्स व ब्लंट यांनी १८७७ साली दाखविले. हा गुण मुख्यत्वे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा आहे. त्यांपैकी २८० नॅनोमीटरहून आखूड लहरींचे किरण सर्वांत प्रभावी असतात. परंतु वातावरण ते अडवून धरीत असल्यामुळे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांतून ते निर्माण करावे लागतात. या दिव्यांची मुख्य लहर २५४ नॅनोमीटरची असते.

खरे मर्म याच्या पुढे आहे. झाडावरून उतरविलेले फळ निर्जीव नसते. त्याचे श्वसन चालूच असते. अल्प प्रमाणात हे किरण मिळाले असता सालीतील पेशी सावध होतात आणि संरक्षक द्रव्ये तयार करू लागतात. लिंबूवर्गीय फळांत स्कोपॅरोन व द्राक्षांत रेसव्हेराट्रॉल ही अशी द्रव्ये होत. इस्राएलमधील बेन-येहोशुआ आदी संशोधकांनी १९९२ साली लिंबांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेतील टस्कीगी विद्यापीठात स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीच, टोमॅटो इत्यादींवर असेच काम केले. इंडी तालुक्यातील लिंबे किंवा नागपुरी संत्री हाताळणाऱ्यांस हिरव्या बुरशीचा उपद्रव सांगावयास नको. सालीवरील बारीकशा जखमेतून ती आत शिरते आणि एक फळ सारी करंडी नासविते.

या क्रियेचे काही नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, मात्रेचा. कमी मात्रेने लाभ होत नाही आणि अधिक मात्रेने साल करपून उलट रोगास वाट मिळते. योग्य मात्रा फळाची जात व पक्वता यांवर अवलंबून असते. दुसरा, किरण सरळ रेषेत जातात व आत शिरत नाहीत. म्हणून फळ फिरवून सर्व बाजूंनी प्रकाश द्यावा लागतो. तिसरा, संरक्षक द्रव्ये साठण्यास काही दिवस लागतात. आत सडू लागलेले फळ यामुळे बरे होत नाही. चौथा, दृश्य प्रकाशात काही जंतू आपली हानी भरून काढतात. यास्तव उपचारानंतर फळ काही काळ अंधारात ठेवणे हिताचे. पाचवा व सर्वांत महत्त्वाचा, हे किरण नेत्रांस व त्वचेस अपायकारक आहेत. दिवे बंदिस्त पेटीतच असावेत आणि हमालाने उघड्या दिव्यासमोर कधीही उभे राहू नये.

लासलगाव येथे २००२ साली सुरू झालेल्या केंद्रातील गामा किरणांची प्रक्रिया याहून भिन्न आहे. ते किरण कोबाल्टपासून निघतात व फळाच्या आरपार जातात. दोहोंची गल्लत करू नये.

बुरशी आलेला पदार्थ आपल्या धर्मात अभक्ष्य मानलेला आहे. अतिनील किरणांनी काही सूक्ष्म जीव मरतात, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु एका करंडीत बुरशी पसरू देऊन पुढे सारा माल उकिरड्यावर टाकण्यापेक्षा ती रुजूच न देणे, यात हिंसा व नासाडी दोन्ही कमी होतात, असे आम्हांस वाटते. मात्र या उपायाने शिळा माल ताजा म्हणून खपविण्याचा मोह कोणास होऊ नये. कार्बाइडने फळे पिकवून विकण्यास कायद्याने बंदी आहे. ती वेळ व्यापाऱ्यांतील काहींच्या लोभानेच आणली, याचे विस्मरण न व्हावे.

आमची सूचना इतकीच : कृषी विद्यापीठातील जाणकारांच्या देखरेखीखाली सभासदांनी सामाईक खर्चाने एक लहान यंत्र प्रथम आजमावावे. एकाच बागेतील, एकाच दिवशी उतरविलेल्या फळांच्या दोन करंड्या घ्याव्यात. एकीस प्रकाश द्यावा, दुसरीस देऊ नये. दोन्हींतील सडलेली फळे रोज मोजून वहीत टिपावीत. वीज, मजुरी व दिवे यांचा खर्च एका बाजूस आणि वाचलेला माल दुसऱ्या बाजूस मांडावा. मग निर्णय वहीच देईल.