आखाड्यातला विषाद

सज्जनहो, डिसेंबर 2018 मध्ये आपल्या जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. बाला रफिक शेखने आदल्या वर्षीचा केसरी अभिजित कटके याला हरवून गदा नेली. तो फड बापाचे बोट धरून पाहिलेले आमच्या गावचे एक पोर पुढे तालमीत जाऊ लागले. अंग कमावलेले, डाव चोख. पण गेल्या जत्रेत हलगी वाजू लागली तसे माझ्यापाशी येऊन बसले. "महाराज, समदे डाव येतेत, पण आज हातपाय गळून गेलेत बघा. हरलो तर गाव काय म्हणंल?"

अहो, गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची दुसरी काय तक्रार आहे? तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून धनुष्य निसटते. गांडीव पेलणाऱ्याची ही गत, तिथे सतरा वर्षांच्या लेकराने लाज का धरावी? मी पोराला प्रथम हेच सांगितले. 'भिऊ नको' म्हणालो नाही. माझ्या पहिल्या कीर्तनाला वडीलधाऱ्यांनी तसे बजावले होते आणि मी अभंगाचा दुसरा चरणच विसरलो! टाळकऱ्यांनी उचलून धरला म्हणून निभावले.

सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनाला दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. खेळाडूचे वैराग्य म्हणजे निकालावरची नजर काढून हातातल्या डावावर ठेवणे. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 रोजी कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरची नेमबाजी संपली तेव्हा सहावा होता. पालथे पडून पाचवा झाला, उभ्याने तिसरा, आणि कांस्यपदक मिळाले. आपण गुणफलक पाहिला नाही, श्वासाकडे लक्ष ठेवले, असे त्याने मागाहून सांगितले.

अभ्यास मात्र जत्रेच्या दिवशी होत नाही. रोज जोर मारून दम लागला असता श्वास सावकाश सोडायची सवय लावावी; उच्छ्वास लांबला की काळजाची धडधड उतरते, हे वैद्यकही मानते. पतंजलींनी प्रतिपक्षभावना सांगितली आहे, वाईट विचाराच्या जागी त्याच्या उलट विचार बसवणे. (सूत्रातला प्रसंग यमनियमांचा आहे, तरी युक्ती इथेही चालते.) पण 'मी हरणार' याला 'मी जिंकणारच' हे उत्तर नव्हे. मनाला ते खोटे वाटते, मग ते जास्तच बिथरते. उत्तर खरे असावे. 'हा डाव तालमीत शेकडो वेळा मारला आहे, आता पाय रोव,' एवढे पुरे.

राहिला गावाचा प्रश्न. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले. पुढच्या खेपेला लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले, आणि 1952 साली हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. सहाव्या नंबरावर हसणारे गाव असते, तर पैसे कोणी दिले असते?

आमचे पोर त्या दिवशी चितपट झाले, बरं का. पण हातपाय गळाले नव्हते. चांगले दहा मिनिटे झुंजले. बाप गर्दीतून तणतणत निघाला, त्याला मी वाटेतच गाठले. म्हटले, "आज कुस्तीचं काही काढू नका. भाकरी वाढा, आणि झोपू द्या त्याला."