उद्योजकाला भेटायला जाताना

भोसरी एमआयडीसीत यंत्रभागांचं जॉबवर्क सुरू करायचं मनात पक्कं झालं, तेव्हा याच धंद्यात केस पिकलेल्या एका कारखानदार काकांची मी मुलाखत घेतली. सुरुवात कशी केली, स्फूर्ती कुणापासून मिळाली, यशाचं रहस्य काय, हे माझे प्रश्न. एका जुन्या लेथपासून सुरुवात, रात्रपाळ्या, पहिली ऑर्डर मिळाली तो दिवस, सगळं त्यांनी मनापासून सांगितलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मी भारावून बाहेर पडलो आणि पुढे कर्ज काढून व्हीएमसी मशीन घेतलं, गाळा भाड्याने घेतला.

कामं मिळाली, पैसे मिळेनात. साठ दिवसांत देऊ म्हणणारा ग्राहक शंभर दिवस लावायचा. बिल काढलं की त्यावरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, ग्राहकाकडून एक रुपया आलेला नसला तरी. कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, वीजबिल यांतलं काहीच थांबत नाही. त्यात मालाचं रिजेक्शन निघालं की ग्राहकाची डेबिट नोट यायची. वर्षअखेरीला ताळेबंदात नफा दिसत होता आणि पगारासाठी घरची मुदत ठेव मोडावी लागली होती.

मग मी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी विचारलं, ‘काका, पहिली दोन वर्षं तुमचं घर कशावर चाललं?’

‘तुझ्या काकूच्या पगारावर,’ ते लगेच म्हणाले. ‘ती नोकरीत होती म्हणून मी तग धरला. आणि तो लेथ भावाने गावची जमीन विकून घेऊन दिला होता. हे कुणी विचारतच नाही रे.’

त्यानंतर ते खूप बोलले. एक मोठा ग्राहक अचानक बंद पडला आणि त्याच्याकडची सगळी येणी बुडाली, तेव्हा मशीन विकायची वेळ आली होती. तेव्हापासून कोणत्याही एका ग्राहकाचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवीन मशीन घ्यायचं नाही, हा दुसरा. सीसी (कॅश क्रेडिट) खातं हे उधारीच्या मधल्या दिवसांसाठी असतं, मशीनसाठी त्यातून पैसे काढले की पुढे कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत, हे त्यांनी मला वही उघडून, तारखा दाखवून समजावलं. उद्योजकता म्हणजे काय हे मला त्या वहीतून कळलं.

थोरामोठ्यांच्या कथाही आपण अशाच अर्धवट ऐकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सगळ्यांना माहीत असतो. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे ते नांगर सुरुवातीची दोन वर्षं खपत नव्हते, हे थोड्यांना माहीत असतं. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या राजांनी जमीन देऊन पाठबळ दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही बाजू तर त्याहून कमी सांगितली जाते. लक्ष्मणरावांचं कर्तृत्व त्याने तसूभरही कमी होत नाही. पण नव्याने धंद्यात उतरणाऱ्याला नांगराइतकंच त्या पाठबळाबद्दल कळलं पाहिजे, नाहीतर तो आपल्या खिशाचा अंदाज चुकीचा बांधतो.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा तारखा आणि पैसे विचारा. पहिलं बिल कधी काढलं आणि त्याचे पैसे हातात कधी पडले? सुरुवातीचं भांडवल कुणाचं होतं? किती येणी बुडाली? कोणतं काम घ्यायला नकार दिला? पहिल्या भेटीत सगळं सांगतीलच असं नाही, माणसाला थोडा विश्वास वाटावा लागतो. शक्य असेल तर केबिनमध्ये न बसता शॉपफ्लोअरवर भेटा. बोलता बोलता कुणाचा फोन येतो, सुपरवायझर काय विचारायला येतो, हे पाहिलं तरी बरंच समजतं.

कायद्याबद्दलही विचारा. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ पासून आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून वेळेत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने कितीतरी लहान कारखानदार या कायद्याचा उच्चारही करत नाहीत. समोरच्यांनी ही भीती कशी हाताळली, हे पुस्तकात सापडणार नाही, त्यांनाच विचारा. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. ती कामाला सुरुवात करण्याआधीच करा आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

आणखी एक विनंती. ज्यांनी धंदा बंद केला अशा माणसांनाही जरूर भेटा. त्यांचा सत्कार कुणी करत नाही, त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही, पण कुठे पाय घसरतो ते त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही. त्यांचं नाव आणि आकडे बाहेर कुठे बोलणार नाही असा शब्द त्यांना द्या आणि तो पाळा.