समुद्राची बातमी आभाळात नसते

आम्हा वाशिमकरांना आभाळ वाचता येते. डिसेंबरात ढग दाटले की तुरीवर अळी येणार, हे कुणी सांगावे लागत नाही. किनाऱ्यावर मात्र हे शहाणपण अपुरे पडते. 2017च्या डिसेंबरात तारकर्लीला हे उमगले, आणि कोकणात निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला मी तेव्हापासून हेच सांगते.

ईदची सुट्टी आणि रविवार जोडून आम्ही नांदेड, सोलापूर, कोल्हापूर अशी मजल मारत पोहोचलो होतो. पुतण्याला फळीवर उभे राहून लाटेवर स्वार व्हायचे होते. एरवी हिवाळ्यात तिथला समुद्र निवांत असतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, लाट लहान आणि गुळगुळीत येते. शिकणाऱ्याला तीच हवी. त्या दिवशी आभाळ नुसते ढगाळ होते, वाराही बेताचाच, पण लाटा वाळूवर दूरपर्यंत चढत होत्या. ओखी चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला कन्याकुमारी आणि केरळच्या किनाऱ्याला झोडपून अरबी समुद्रात शिरले होते. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच त्याच्या लाटा पुढे धावतात. त्यात 3 डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. केरळ-तामिळनाडूच्या मासेमारी नौका देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या.

"काकू, एवढ्या लांबून आलो, गुडघाभर पाण्यात तरी जाऊ दे ना!" या वाक्याची मला फार भीती वाटते. प्रवासाचा शीण आणि खर्च आठवला की मोठी माणसेही विरघळतात. तिथल्या एका वयस्क मच्छीमाराने आम्हाला थांबवले आणि पाणी दाखवले. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला पट्टा शांत, गढूळ. मुले नेमकी तिथेच उतरायला बघतात. पण किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच वाटेने आत परतते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेते. कुणी सापडलेच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या अंदाजासोबत हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाजही पाहा. त्यात लाटेची उंची असते, तसे दोन लाटांमधले अंतर सेकंदांत दिलेले असते. स्थानिक वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते. हा आकडा बारा-पंधराच्या पुढे गेला तर लाट दुरून आलेली आणि जोरकस समजा, मग उंची कमी दिसली तरी नवख्याने पाण्यात पाय घालू नये. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरतीची वेळ विचारून घ्या. नौका ओढून ठेवलेल्या दिसल्या तर फळी भाड्याने मिळत असली तरी घेऊ नका. मुलांना निघतानाच सांगून ठेवा की समुद्र बंद असेल तर धामापूरचा तलाव पाहू. मग तिथे रडारड होत नाही.

आणि तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा.