ऊन पाण्याचा देश

चूल नाही, सरपण नाही, तरी जमिनीतून कढत पाणी वर येते. असा एक देश आहे. त्याचे नाव आइसलंड. त्याची माहिती आम्ही या धड्यात देत आहोत.

आइसलंड म्हणजे बर्फाचा देश. युरोपच्या वायव्येला, समुद्रात हे बेट आहे. वर बर्फ, पण पोटात आग! तिथे जिवंत ज्वालामुखी आहेत. पावसाचे व बर्फाचे पाणी भेगांतून खोल मुरते. खाली खडक तापलेला असतो. तिथे पाणी तापते आणि झऱ्यावाटे वर येते.

हे झरे ओळखावे कसे? लांबून वाफ दिसते. दुसरी खूण म्हणजे गावाचे नाव. तिथल्या भाषेत 'रेक' म्हणजे धूर. राजधानीचे नाव रेक्याविक, म्हणजे धुराची खाडी. तो धूर नव्हे बरे का, झऱ्यांची वाफ! नावात 'लौग' असेल, तर तिथे अंघोळीजोगे पाणी असते. 'क्वेर' असेल, तर बहुधा उकळते पाणी. डेल्दर-तुंगु-क्वेर हा तिथला मोठा झरा. त्यातून दर सेकंदाला सुमारे १८० लिटर पाणी येते. ते ९७ अंश तापलेले असते. अशा पाण्यात हात घातला, तर कातडी सोलून निघेल.

पूर्वी रेक्याविकच्या बायका धुण्याचे ओझे घेऊन झऱ्यावर जात. वाट तीन किलोमीटरची. थंडीवाऱ्यातही जावे लागे. पाय घसरून काही जणी उकळत्या पाण्यात पडल्या आणि मेल्या. मग पाण्यावर लोखंडी जाळ्या बसवल्या. पुढे १९३० साली तिथलेच ऊन पाणी नळाने शहरात आणले. एक शाळा, इस्पितळ आणि सुमारे ६० घरे उबदार झाली. आज त्या देशातली दहांपैकी नऊ घरे जमिनीतल्या उष्णतेने ऊब घेतात. ज्या पाण्याने जीव घेतले, तेच आता लेकराबाळांना थंडीतून वाचवते.

आपल्याकडेही वज्रेश्वरी, उनपदेव, उन्हवरे येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पाणी फार खोल जाऊन तापते आणि भेगेतून वर येते. उन्हवरे या नावातच 'ऊन' आहे, पाहा!

म्हणून कुंड कुठलेही असो. आधी पाटी वाचावी. गावच्या माणसाला विचारावे. मगच पाण्यात पाऊल टाकावे.