परक्या रीतीस कोणते माप लावावे?

आमचे हुलसूर सीमाभागातील. येथे मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. चालीरीतीही तशाच निरनिराळ्या. अपरिचित रीत दिसताच तिला नावे ठेवण्याचा मोह आपणांस होतो.

अंत्यविधीचेच उदाहरण घ्या. पुष्कळ हिंदू समाजांत दहन होते. लिंगायत समाजात मृतास बसवून, हाती इष्टलिंग देऊन, भूमीत ठेवतात. दहनाची सवय असलेल्यास हे चमत्कारिक वाटते. परंतु इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या समाधीपुढे तोच मनुष्य आळंदीस मस्तक ठेवतो! उलट, मामाच्या मुलीशी विवाह अनेक मराठी कुटुंबांत चालतो. उत्तरेकडील बहुतेक हिंदूंस तो निषिद्ध वाटतो. तेथे परके आपणच ठरतो. सवयीचे माप हे न्यायाचे माप नव्हे.

मग सर्वच रूढी निर्दोष मानाव्यात काय? नाही. आमच्या जवळच्याच बसवकल्याणची बाराव्या शतकातील कथा परंपरेने सांगितली जाते. चर्मकार हरळय्याचा पुत्र व ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांचा विवाह झाला, म्हणून दोघांच्या पित्यांस देहदंड मिळाला. येथे प्रश्न निराळेपणाचा नसून माणसावरील अन्यायाचा आहे.

तेव्हा कोणतीही रीत पाहताना प्रथम तिचा अर्थ त्या लोकांसच विचारावा. नंतर तिने कोणास पीडा होते काय, हे पाहावे. आणि हाच प्रश्न आपल्या घरच्या रूढीसही तितक्याच कठोरपणे विचारावा.